एक सर्किट, दोन ग्राफ

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला सर्किटच्या पेपरात रोध, बॅटरी आणि करंट सोर्स एवढीच मंडळी असतात, तोवर मुलांची गाडी सुरळीत चालते. मग एखाद्या आकृतीत पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं चिन्ह येतं. आत बाण, शेजारी एक आकडा आणि त्याला गुणलेलं भलत्याच ठिकाणचं व्होल्टेज. हा अवलंबी स्रोत, वर्गातल्या भाषेत डिपेंडंट सोर्स. त्याचा करंट किती, हे त्याच्या स्वतःच्या दोन टोकांवर ठरत नाही. सर्किटमध्ये दुसरीकडे कुठेतरी जे व्होल्टेज आहे त्यावर ठरतं. ट्रान्झिस्टर, ऑप-अँप, जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह, यांपैकी काहीही कागदावर आणायचं तर हे चिन्ह टाळता येत नाही.

शिकवली जाते ती रीत सरधोपट आहे. नोडची समीकरणं मांडा, अवलंबी स्रोताचं पद योग्य जागी घाला, मॅट्रिक्स सोडवा. उत्तर बरोबर येतं. पण त्यातलं कुठलं पद सर्किटच्या कुठल्या भागामुळे आलं, कुठला रोध काढला तर काय उडेल, हे मॅट्रिक्स सांगत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, कारण सर्किट बांधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ते सांगणारी दुसरी रीत आहे आणि ती घराघरांतल्या विजेच्या दिव्यापेक्षा जुनी आहे. सर्किटला ठिपके आणि रेषा समजायचं, म्हणजेच ग्राफ समजायचं, आणि उत्तर त्या चित्रातून वाचायचं.

गुस्ताव किरखॉफने आपले दोन प्रसिद्ध नियम १८४५ साली, कोनिग्सबर्गला विद्यार्थी असतानाच मांडले. ते सगळ्यांना पाठ असतात. १८४७ सालच्या त्याच्या पुढच्या निबंधाकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. रोधांच्या जाळ्यात करंट कसा वाटला जातो याचं तयार सूत्र त्याने तिथे दिलं आणि त्या सूत्राच्या मुळाशी झाडं होती. सर्किटमधले सगळे नोड एकमेकांना जोडले जातील, पण कुठेही बंद फेरा होणार नाही, एवढ्याच फांद्या निवडल्या की त्या निवडीला झाड म्हणतात. नोड तीन असतील तर झाडात फांद्या दोन, दहा असतील तर नऊ. किरखॉफ झाडाबाहेर उरलेल्या फांद्यांच्या रोधांचा गुणाकार करत असे. मॅक्सवेलने तेच उलट्या बाजूने मांडलं: झाडातल्या फांद्यांच्या वाहकतांचा गुणाकार करा. वाहकता म्हणजे रोधाचा व्यस्त. आपण मॅक्सवेलची बाजू धरू, कारण नोडच्या समीकरणांशी तीच जुळते.

आता एक सर्किट घेऊ आणि शेवटपर्यंत तेच ठेवू. तीन नोड: अ, ब आणि ग्राउंड. अ आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोध. त्याची वाहकता १ मिलिसीमेन्स, तिला क म्हणू. अ आणि ब यांच्यामध्ये १० किलोओहम, म्हणजे ०.१ मिलिसीमेन्स, ती ख. ब आणि ग्राउंड यांच्यामध्ये ५ किलोओहम, म्हणजे ०.२ मिलिसीमेन्स, ती ग. बाहेरून अ या नोडमध्ये काही करंट सोडायचा आणि अ व ब इथे किती व्होल्टेज उभं राहतं ते पाहायचं.

तीन नोडांचा हा त्रिकोण. झाडात दोन फांद्या हव्यात आणि त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी कुठल्याही दोन घेतल्या तरी झाड होतं. झाडं तीन: कख, कग, खग. वाहकतांचे गुणाकार करून बेरीज घेतली की ०.१ + ०.२ + ०.०२ = ०.३२. नोडच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट काढला असता तर हाच आकडा आला असता. फक्त तिथे मधली काही पदं एकदा अधिक आणि एकदा उणे येऊन परस्पर कटली असती. झाडांच्या रीतीत कटणारी पदं जन्मालाच येत नाहीत.

ही बेरीज उत्तराच्या छेदात बसते. अंशासाठी आणखी एक छोटी मोजणी लागते. अ चं व्होल्टेज हवं असेल तर चित्रात अ आणि ग्राउंड एकच ठिपका समजायचा आणि उरलेल्या चित्रातली झाडं मोजायची. आता ठिपके दोनच, झाडात फांदी एकच: ख किंवा ग. म्हणून अंश ०.३. भागाकार ०.३ ÷ ०.३२, म्हणजे ०.९३७५ किलोओहम, दर मिलिअँपिअरमागे तेवढे व्होल्ट. पडताळा तोंडी होतो: १० आणि ५ किलोओहम एकापुढे एक म्हणजे १५, त्याला समांतर १ किलोओहम, उत्तर १५ भागिले १६. तेच.

या बेरजेत उणे चिन्ह कुठेच नाही. नुसत्या रोधांच्या सर्किटमध्ये प्रत्येक झाड अधिकच असतं. त्यामुळे सर्किट जोडलेलं आहे, म्हणजे निदान एक तरी झाड आहे, तोवर छेद शून्य होणं शक्य नाही. रोधांचं सर्किट कधी दगा देत नाही, त्याचं कारण हे आहे. पुढे याची गरज लागणार आहे.

आता याच सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर बसवू. मॉसफेट घेऊ: गेट अ ला, ड्रेन ब ला, सोर्स ग्राउंडला. लहान सिग्नलपुरता त्याचा अर्थ इतकाच की अ चं व्होल्टेज जेवढं, त्याच्या म पट करंट ब मधून ग्राउंडकडे ओढला जातो. म घेऊ ४ मिलिसीमेन्स: गेटवर पाव व्होल्ट आलं तर ड्रेनमधून १ मिलिअँपिअर. गेट स्वतः काहीच करंट घेत नाही.

ही म नावाची फांदी चित्रात कुठे काढायची? अ आणि ग्राउंड यांच्यामध्ये काढली तर चूक, कारण तिथून करंट जातच नाही. ब आणि ग्राउंड यांच्यामध्ये काढली तरी चूक, कारण तिथल्या व्होल्टेजशी तिच्या करंटचा संबंध नाही. रोधाच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. ज्या दोन टोकांमधलं व्होल्टेज, त्याच दोन टोकांमधून करंट. अवलंबी स्रोतात कारण एका जागी आहे आणि परिणाम दुसऱ्या जागी. शिवाय वाट एकेरी आहे: तळमजल्यावर पंपाचं बटण दाबलं की गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतं, पण टाकीत बादलीभर पाणी ओतल्याने खालचं बटण दाबलं जात नाही. एकाच चित्रात हे मावत नाही.

उपाय १९५० च्या दशकात निघाला. ब्रिटनमध्ये पर्सिव्हल आणि अमेरिकेत मायेदा व सुंदरम शेषू यांनी सक्रिय सर्किटांसाठी झाडांची मोजणी बसवली. शेषूंनी मायरिल रीड यांच्यासोबत लिहिलेलं ‘लिनिअर ग्राफ्स अँड इलेक्ट्रिकल नेटवर्क्स’ हे १९६१ चं पुस्तक या विषयातलं जुनं आणि भक्कम पुस्तक आहे. उपाय ऐकायला इतका साधा आहे की पहिल्यांदा विश्वास बसत नाही: एक चित्र पुरत नाही ना, मग दोन काढा.

एक चित्र व्होल्टेजचं. त्यात प्रत्येक फांदी तिथे काढायची जिथलं व्होल्टेज तिला चालवतं. दुसरं चित्र करंटचं. त्यात प्रत्येक फांदी तिथे काढायची जिथून तिचा करंट जातो. रोध दोन्ही चित्रांत एकाच जागी येतात. म मात्र व्होल्टेजच्या चित्रात अ आणि ग्राउंड यांच्यामध्ये येते आणि करंटच्या चित्रात ब आणि ग्राउंड यांच्यामध्ये. आता फांद्यांचा असा संच शोधायचा जो दोन्ही चित्रांत झाड होतो. एका चित्रात झाड आणि दुसऱ्यात नाही, तर तो संच बाद.

आपल्याकडे चार फांद्या, त्यांतून दोन निवडायच्या, म्हणजे सहा जोड्या. कख, कग, खग या तिन्हींत म नाही, त्या पूर्वीसारख्याच पास. राहिल्या म असलेल्या तीन. म आणि क: व्होल्टेजच्या चित्रात दोघीही अ आणि ग्राउंड यांच्यामध्येच, फेरा झाला, ब एकटा पडला. बाद. म आणि ग: करंटच्या चित्रात दोघीही ब आणि ग्राउंड यांच्यामध्ये, अ एकटा पडला. बाद. म आणि ख: व्होल्टेजच्या चित्रात म ने अ ग्राउंडला जोडला, ख ने ब अ ला जोडला, झाड झालं. करंटच्या चित्रात म ने ब जोडला, ख ने अ जोडला, तिथेही झाड. पास.

म्हणून नवी बेरीज: कख + कग + खग + मख. आकड्यांत ०.३२ + ०.४ = ०.७२.

शेवटच्या पदाला अधिक चिन्ह कशावरून, हा प्रश्न रास्त आहे आणि या रीतीतला खरा किचकट भाग तोच आहे. प्रत्येक फांदीला दिशा देऊन ती कुठल्या नोडमधून निघते आणि कुठे पोचते याचा अधिक-उणे एकचा तक्ता करायचा, ग्राउंडची ओळ गाळायची. झाडाच्या फांद्यांपुरता हा तक्ता घेतला तर त्याचा डिटरमिनंट नेहमी अधिक एक किंवा उणे एक असतो. संच झाड नसेल तर शून्य. दोन चित्रांचे दोन आकडे येतात, त्यांचा गुणाकार हेच त्या पदाचं चिन्ह. रोधांच्या झाडात दोन्ही आकडे एकच असतात, म्हणून त्यांचा वर्ग होतो आणि चिन्ह अधिक. मख साठी दोन्ही चित्रांत उणे एक येतो, गुणाकार अधिक एक. यामागे बिने आणि कोशी यांचं १८१२ सालचं प्रमेय आहे: दोन आयताकृती मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा डिटरमिनंट हा त्यांच्या जुळणाऱ्या चौरस तुकड्यांच्या डिटरमिनंटांच्या गुणाकारांची बेरीज असतो. किरखॉफचं झाड, मॅक्सवेलचं झाड आणि दोन चित्रांतलं सामाईक झाड, तिन्ही या एका प्रमेयातून बाहेर पडतात.

अ च्या व्होल्टेजचा अंश तोच राहतो, ख + ग. अ ग्राउंडला जोडला की व्होल्टेजच्या चित्रात म चा निव्वळ फेरा होतो, त्यामुळे ती मोजणीत येतच नाही. ब साठी अंश ख वजा म निघतो. समजा अ मध्ये ०.७२ मिलिअँपिअर सोडला. अ चं व्होल्टेज ०.३ व्होल्ट, ब चं उणे ३.९ व्होल्ट. किरखॉफच्या नियमाने तपासू. अ मधून क वाटे ०.३ मिलिअँपिअर जातो. ख च्या दोन टोकांत ४.२ व्होल्ट, म्हणून तिच्यातून ०.४२. बेरीज ०.७२. ब मध्ये ख वाटे ०.४२ येतो. ट्रान्झिस्टर अ च्या व्होल्टेजच्या चौपट म्हणजे १.२ ओढतो, त्यातला ०.७८ ग्राउंडकडून ग वाटे वर येतो. हिशेब पुरा. अ पासून ब पर्यंतचं व्होल्टेज तेरा पट आणि उलटं.

इथपर्यंत मॅट्रिक्सनेही आलो असतो. झाडांचा फायदा यापुढे आहे. बेरजेतली मख ही जोडी पाहा. ट्रान्झिस्टरची म नेहमी ख च्या सोबतीनेच आली आहे. ख काढून टाका, म्हणजे शून्य करा, छेदात फक्त कग उरतं आणि म त्यातून पूर्ण नाहीशी होते. कारण उघड आहे: ब पासून अ कडे परत येणारी एकमेव वाट ख होती. छेदात अवलंबी स्रोताचं पद असणं म्हणजे त्याचा परिणाम फिरून त्याच्याच कारणापर्यंत पोचणं. फीडबॅक ही गोष्ट शब्दांत समजावताना तारांबळ उडते. इथे ती एका पदात दिसते.

ट्रान्झिस्टर आल्यावर अ ला दिसणारा रोध ९३७.५ ओहमवरून सुमारे ४१७ ओहमवर उतरला, कारण अंश तोच राहून छेद ०.३२ चा ०.७२ झाला. १० किलोओहमचा ख हा अ ला चौदाव्या हिश्शाएवढाच भासू लागला. हा परिणाम जॉन मिलर यांनी १९२० साली व्हॉल्व्हच्या बाबतीत दाखवला होता, त्याला मिलर इफेक्ट म्हणतात. पुस्तकांत तो वेगळं प्रमेय म्हणून येतो. झाडांत तो वेगळा शिकावा लागत नाही. आणि ०.७२ भागिले ०.३२, म्हणजे २.२५, या आकड्यालाही नाव आहे: हेंड्रिक बोडे यांच्या १९४५ च्या पुस्तकातला रिटर्न डिफरन्स. म असताना झाडांची बेरीज किती आणि म शून्य असताना किती, यांचं गुणोत्तर. ट्रान्झिस्टर बदलला आणि म १० टक्क्यांनी वाढली तर काय? फक्त एक झाड वाढेल, ०.४ चं ०.४४ होईल, छेद ०.७६ होईल, अ चा रोध ३९५ ओहमवर येईल. पुन्हा काहीही सोडवावं लागलं नाही.

अवलंबी स्रोत चार जातींचे असतात आणि वरची रीत एकाच जातीची झाली, व्होल्टेजने चालणाऱ्या करंटची. बाकीच्या बहुतेक वेळा याच जातीत आणता येतात. बायपोलर ट्रान्झिस्टरचं उदाहरण घ्या: कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या १०० पट, असं पुस्तकात असतं. पण बेसचा करंट समजा २.५ किलोओहमच्या रोधातून जातो, म्हणजे तो त्या रोधावरच्या व्होल्टेजच्या ०.४ मिलिसीमेन्स पट. शंभराने गुणा, म झाली ४० मिलिसीमेन्स. ज्यांच्याजवळ असा रोध नाही त्या अगदी आदर्श स्रोतांसाठी चित्रात ठिपके एकत्र करावे लागतात, ते शेवटी पाहू.

ग्राफची आणखी एक शाळा आहे आणि कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना तीच जास्त माहीत असते: सिग्नल फ्लो ग्राफ. एमआयटीतल्या सॅम्युअल मेसन यांनी तो १९५३ च्या निबंधात मांडला आणि १९५६ च्या दुसऱ्या निबंधात त्याचं सर्वसाधारण सूत्र दिलं. तेच सूत्र क्लॉड शॅनन यांनी १९४२ सालच्या युद्धकाळातल्या एका गोपनीय अहवालात काढून ठेवलं होतं, पण गोपनीय असल्याने ते कुणाच्या हाती लागलं नाही. या ग्राफमध्ये ठिपका म्हणजे नोड नव्हे, राशी: करंट, व्होल्टेज. बाण म्हणजे एका राशीचा दुसरीवरचा परिणाम. अवलंबी स्रोत इथे उपरा वाटतच नाही, कारण मुळात सगळ्याच रेषा एकेरी आहेत. अडचण उलट रोधाची होते. तो दोन्ही बाजूंनी बोलतो, म्हणून त्याचे दोन बाण काढावे लागतात.

आपल्याच सर्किटचा ग्राफ काढू. अ च्या समीकरणातून: बाहेरच्या करंटकडून अ कडे १ ÷ १.१ चा बाण, ब कडून अ कडे ०.१ ÷ १.१ चा. ब च्या समीकरणातून: अ कडून ब कडे दोन बाण, एक रोधाचा ०.१ ÷ ०.३ आणि दुसरा ट्रान्झिस्टरचा उणे ४ ÷ ०.३. म्हणजे अ पासून निघून अ पर्यंत परत येणारे फेरे दोन. रोधातून जाऊन परत येणारा, अधिक ०.०३. ट्रान्झिस्टरमधून जाऊन परत येणारा, उणे १.२१. मेसनच्या सूत्रात एक वजा फेऱ्यांची बेरीज हा छेद: २.१८. एकमेकांना न शिवणारे फेरे असतील तर त्यांच्या जोड्यांचे गुणाकार मिळवायचे, तिघांच्या गटांचे वजा करायचे, असं पुढे चालू राहतं. इथे दोन्ही फेरे अ आणि ब मधून जातात, म्हणून ते प्रकरण उद्भवत नाही. ब साठी अंश: सरळ वाटांवरचे बाण गुणून बेरीज घ्यायची, उणे १३ ÷ १.१. भागाकार उणे ५.४१७ किलोओहम, म्हणजे ०.७२ मिलिअँपिअरला उणे ३.९ व्होल्ट. जुळलं.

पण २.१८ आणि मघाचा २.२५ जुळत नाहीत. इथे बरेच जण अडखळतात. फरक त्या ०.०३ च्या फेऱ्याचा आहे. ट्रान्झिस्टर मारला तरी तो फेरा उरतोच आणि छेद ०.९७ राहतो, २.१८ ला ०.९७ ने भागा, २.२५ मिळतात. समीकरणं वेगळ्या पद्धतीने मांडली असती तर फेऱ्यांचे आकडेही वेगळे आले असते. फ्लो ग्राफ हा समीकरणांचा ग्राफ आहे, सर्किटचा नाही, आणि त्यातल्या फेऱ्याला थेट सर्किटमधला फीडबॅक समजणं चुकीचं आहे. एकापुढे एक टप्पे असलेल्या अँप्लिफायरला मी मेसनकडे जाईन. रोध आणि ट्रान्झिस्टर एकमेकांत गुंतले असतील तर दोन चित्रांकडे.

मोठ्या सर्किटला दोन्ही रीती दमतात. दहा नोड आणि प्रत्येकातून प्रत्येकाकडे फांदी असेल तर झाडं किती? आर्थर केली यांच्या १८८९ सालच्या सूत्राने दहाचा आठवा घात, म्हणजे १० कोटी. तोच डिटरमिनंट संगणक आकड्यांनी काढायला बसला तर अडीचशेच्या आसपास गुणाकार-भागाकारांत उरकतो. म्हणून १९७३ साली बर्कलीत लॉरेन्स नॅगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी पुढे आणलेला स्पाइस हा सर्किट सिम्युलेटर झाडं मोजत बसत नाही, मॅट्रिक्सच सोडवतो. तरी ग्राफ तिथून हद्दपार झालेला नाही. नुसत्या व्होल्टेज सोर्सचा बंद फेरा झाला आहे का, एखादा नोड ग्राउंडपासून तुटला आहे का, या तपासण्या ग्राफच्याच आहेत. मोठं जाळं फोडून तुकड्यातुकड्याने सोडवण्याचा अभ्यासही ग्राफवरच उभा आहे. त्यातलं एक महत्त्वाचं पुस्तक, ‘सबमॉड्युलर फंक्शन्स अँड इलेक्ट्रिकल नेटवर्क्स’ (१९९७), पवईच्या आयआयटीतले एच. नारायणन यांचं आहे.

आता ठिपके एकत्र करण्याची गोष्ट. आपल्या सर्किटमध्ये म वाढवत नेली तर काय होतं? छेद ०.३२ + ०.१म, ब साठी अंश ०.१ − म. ख आणि ग तशाच ठेवू. क चं ग्राउंडकडचं टोक सोडवून तिथे इनपुट व्होल्टेज लावलं, तर इनपुटपासून ब पर्यंतचं प्रमाण अंश भागिले छेद, गुणिले क. म ४ असताना उणे ५.४२. म ४०० केली तर उणे ९.९२. अनंताकडे नेली तर उणे १०, म्हणजे उणे क भागिले ख, म्हणजेच उणे १० किलोओहम भागिले १ किलोओहम. ओळख पटली असेल: हा ऑप-अँपचा उलटा अँप्लिफायर. ग चा त्यात पत्ताच नाही, कारण अनंत म सोबत असणारं झाड एकच, मख. चित्रांच्या भाषेत अनंत म म्हणजे व्होल्टेजच्या चित्रात अ आणि ग्राउंड एकच ठिपका करायचा, करंटच्या चित्रात ब आणि ग्राउंड एकच करायचा, आणि उरलेल्या फांद्यांत सामाईक झाड शोधायचं. ते एकटी ख. ‘व्हर्च्युअल ग्राउंड’ म्हणून जे शिकवतात ते व्होल्टेजच्या चित्रातला तो एकत्र केलेला ठिपका. करंटच्या चित्रात तो वेगळाच राहतो, म्हणून अ वर व्होल्टेज शून्य असूनही तिथून ग्राउंडला करंट जात नाही. ख काढून टाकली तर सामाईक झाडच उरत नाही. मग रोधांना कुठलेही आकडे द्या, छेद शून्यच, आणि सिम्युलेटर ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ म्हणून थांबतो.

उरला चिन्हाचा प्रश्न. ऑप-अँपच्या अधिक आणि उणे पिना चुकून अदलाबदल झाल्या, म्हणजे म ची दिशा उलटली. मख आता उणे झालं. रोधांच्या सर्किटमध्ये जे कधीच होत नव्हतं ते झालं, झाडं एकमेकांना खाऊ लागली. छेद ०.३२ वजा ०.१म. म ३.२ मिलिसीमेन्स झाली की छेद शून्य. त्यापुढे तो उणे होतो. म ४०० ला गणित उणे १०.०८ देतं आणि अनंताला पुन्हा उणे १०, म्हणजे सरळ जोडलेल्या सर्किटचंच उत्तर! आदर्श ऑप-अँपच्या दोन चित्रांना पिना उलट्या आहेत की सुलट्या हे दिसतच नाही, सामाईक झाड दोन्हीकडे तेच. फरक कळायला म मोठी पण मर्यादित ठेवावी लागते आणि अ वर थोडा कपॅसिटन्स धरावा लागतो, जो खऱ्या तारेत असतोच. मग छेद अधिक असेल तर अ वरचा लहानसा धक्का विरत जातो. छेद उणे असेल तर तो काळासोबत घातांकी वेगाने वाढतो आणि आउटपुट सप्लायच्या एका टोकाला जाऊन चिकटतं.